फोन रिपेअरची कंप्युटरवाली सॉफ्टवेअर आतून नक्की काय करतात, आणि पैसे कधी द्यावेत

तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात परत मांडतो. आयफोन १२ अपडेट होता होता लोगोवर अडकलाय, दोन दिवस झाले, बॅकअप नाही, आत बाळाचे जन्मापासूनचे फोटो आहेत, आणि शोधल्यावर कंप्युटरवर टाकायची तीन-चार रिपेअर सॉफ्टवेअर सापडली जी सगळीच 'डेटा न जाता एका क्लिकमध्ये' म्हणतायत. तर घ्यायचं का, कुठलं घ्यायचं, आणि घरात एक शाओमीचा फोन पण असाच लोगोवर पडलाय त्याला तेच चालेल का.

सगळ्यात आधी हात थांबवा. 'रिस्टोर' लिहिलेलं बटण कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये दिसलं तरी दाबायचं नाही, 'अ‍ॅडव्हान्स्ड मोड', 'डीप रिपेअर', 'प्रोफेशनल रिपेअर' असं काही दिसलं तरी नाही. मी हे काम बरीच वर्षं करतोय आणि अडकलेल्या फोनमधला डेटा जाताना बघितलाय तो बहुतेक वेळा फोन बिघडल्यामुळे गेलेला नसतो, घाबरून दाबलेल्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या बटणामुळे गेलेला असतो.

आता या सॉफ्टवेअरचं खरं काय ते सांगतो. यांच्याकडे कुठलीही वेगळी किल्ली नसते. फोन बनवणाऱ्याने दुरुस्तीसाठी जी दोन-तीन दारं ठेवलेली असतात, आयफोनला रिकव्हरी मोड आणि डीएफयू (रिकव्हरीच्याही खालचा मोड, यात स्क्रीन काळीच राहते), अँड्रॉइडला रिकव्हरी, फास्टबूट, डाउनलोड मोड वगैरे, त्याच दारांतून हे सगळे आत जातात. दार कुठलं आहे आणि त्या दारातून गेल्यावर आतला डेटा राहतो की पुसला जातो एवढं एकदा कळलं की अर्ध्या जाहिराती आपोआप वाचता येतात. कंपनी कुठली, विंडो किती सुंदर, बटण निळं की हिरवं, याने आत काही फरक पडत नाही.

आयफोनचं बघू. आयफोन रिकव्हरी मोडमध्ये गेला (स्क्रीनवर केबल आणि कंप्युटरचं चित्र येतं) की अ‍ॅपलचं स्वतःचं सॉफ्टवेअर, म्हणजे विंडोजवर आयट्यून्स किंवा आता अ‍ॅपल डिव्हायसेस नावाचं अ‍ॅप, आणि मॅकवर २०१९ च्या कॅटलिनापासून फाइंडर, तुम्हाला दोन पर्याय देतं, अपडेट आणि रिस्टोर. अपडेट म्हणजे सिस्टीमचा भाग नव्याने लिहायचा आणि तुमच्या डेटाच्या भागाला हात लावायचा नाही. रिस्टोर म्हणजे सगळं पुसून नवीन. बाहेरच्या कंपन्यांची सॉफ्टवेअर 'स्टँडर्ड मोड, डेटा सुरक्षित' म्हणतात तो हाच अपडेट, आणि 'अ‍ॅडव्हान्स्ड' म्हणतात तो हाच रिस्टोर. फाईल पण तीच, आयपीएसडब्ल्यू (आयफोनच्या पूर्ण सिस्टीमची फाईल), अ‍ॅपलच्याच सर्व्हरवरून उतरवलेली. मी कुतूहल म्हणून अशा दोन टूल्सचे लॉग (कामाच्या नोंदी) शेजारी शेजारी उघडून बघितले होते, फोनकडून येणारे निरोप ओळीन् ओळ तेच होते जे फुकटच्या टूलमध्ये येतात, कारण बोलणारा फोन एकच आहे आणि त्याला एकच भाषा येते.

आणि ते वेगळं असूच शकत नाही, याचं कारण आहे डिजिटल सही, म्हणजे अ‍ॅपलची मंजुरी. आयफोनमध्ये सिस्टीम टाकायची तर अ‍ॅपलच्या सर्व्हरकडून त्या क्षणी, त्या एका फोनच्या चिपच्या नंबरसाठी सही मिळवावी लागते, ती नसेल तर फोन सिस्टीम घेतच नाही. नवीन आवृत्ती आली की जुन्या आवृत्तीवर सही देणं अ‍ॅपल थोड्याच दिवसांत बंद करतं. म्हणून 'कुठल्याही जुन्या आयओएसवर परत जा' असं कोणी म्हणत असेल तर ते फक्त त्या थोड्या दिवसांपुरतं खरं असतं. ३१९४ नावाची एरर येते ती पण बऱ्याचदा याच सर्व्हरपर्यंत तुमचा कंप्युटर पोचत नाही म्हणून येते, कधीतरी कोणीतरी होस्ट्स फाईलमध्ये (कुठला सर्व्हर कुठे शोधायचा ते कंप्युटर तिथे बघतो) ओळ टाकून ठेवलेली असते नाहीतर ऑफिसचा फायरवॉल आडवा येतो.

तर तुमच्या आयफोनसाठी पहिली पायरी फुकट आहे. केबल कंप्युटरला लावा, अ‍ॅपलचं सॉफ्टवेअर उघडून ठेवा, मग आवाज वाढवायचं बटण दाबून सोडा, आवाज कमी करायचं दाबून सोडा, आणि बाजूचं बटण दाबून धरा, लोगो आला तरी सोडू नका, केबलचं चित्र येईपर्यंत धरून ठेवा. (आयफोन ८ पासून पुढे सगळ्यांना हीच पद्धत, ७ ला आवाज कमी आणि बाजूचं बटण एकत्र, ६एस आणि त्याआधीच्यांना होम आणि पॉवर एकत्र.) मग खिडकी येईल, तिच्यात अपडेट निवडा. इथे एक गोष्ट लोकांना माहीत नसते आणि त्यापायी ते सॉफ्टवेअर विकत घेतात, डाउनलोड पंधरा मिनिटांपेक्षा जास्त चाललं तर फोन आपोआप रिकव्हरी मोडमधून बाहेर येतो आणि परत लोगोवर जाऊन बसतो. फाईल कित्येक जीबीची असते, साध्या नेटवर पंधरा मिनिटांत होत नाही, माणसाला वाटतं अ‍ॅपलच्या सॉफ्टवेअरने पण नाही झालं. तसं काही नसतं, डाउनलोड पूर्ण होऊ द्यायचं, मग फोन परत रिकव्हरीत घ्यायचा आणि परत अपडेट दाबायचं. किंवा फाईल आधीच उतरवून ठेवली असेल तर विंडोजवर शिफ्ट आणि मॅकवर ऑप्शन दाबून धरून अपडेटवर क्लिक करायचं, म्हणजे ते फाईल कुठे आहे विचारतं. बाहेरची सॉफ्टवेअर इथे जिंकतात ती फक्त याच कारणाने, ती फाईल आधी पूर्ण उतरवतात आणि मग फोनला हात लावतात, त्यामुळे पंधरा मिनिटांची भानगड येत नाही. सोय आहे ती, नाकारत नाही, पण तेवढ्या एका सोयीसाठी वर्षभराचं लायसन घ्यायचं का ते तुम्ही ठरवा.

अजून एक बटण असतं, 'एक्झिट रिकव्हरी'. हे खरंच उपयोगी आहे आणि बऱ्याच टूल्समध्ये फुकट असतं. फोन सतत केबलच्या चित्रावरच येत असेल आणि सिस्टीम आतून ठीक असेल, तर फोनच्या आत आपोआप सुरू व्हायचं की नाही याची एक छोटी खूण असते ती बदललेली असते, हे बटण ती खूण जागेवर आणतं आणि फोन रीस्टार्ट करतं. डेटाला धोका नाही. पण तुमचा फोन लोगोवर अडकलाय, केबलच्या चित्रावर नाही, त्यामुळे तुम्हाला याचा फायदा होईल असं मला वाटत नाही, तरी दाबून बघायला हरकत नाही.

आता अपडेट पण फेल झालं तर काय. इथून पुढे कुठलं सॉफ्टवेअर हा प्रश्न उरतच नाही, फेल का झालं हा प्रश्न असतो. मला आढळलेलं सगळ्यात जास्त कारण म्हणजे स्टोरेज काठोकाठ भरलेलं. बाळाचे व्हिडिओ म्हटल्यावर मला पहिली शंका तीच येते, अपडेटला हालचाल करायला जागा लागते, ती मिळाली नाही की मध्येच अडकतं, आणि नंतर कंप्युटरवरून अपडेट करताना पण शेवटाजवळ एरर १४ दाखवून थांबू शकतं. असं झालं तर परत परत तेच करून फायदा नसतो, कधी कधी मधल्या काळात आलेली पुढची आवृत्ती टाकल्यावर फोन उठलेला मी बघितलाय, म्हणून फोटो महत्त्वाचे असतील तर फोन बंद करून बाजूला ठेवणं आणि पुढच्या अपडेटची वाट बघणं हा वेडगळ वाटला तरी खरा मार्ग आहे.

दुसरं कारण हार्डवेअर. ९, ४०१३, ४०१४ असे नंबर आले की आधी केबल बदला, यूएसबी हब काढून थेट कंप्युटरच्या मागच्या पोर्टला लावा, दुसरा कंप्युटर बघा. तरी तेच आलं तर फोनच्या आतल्या कुठल्यातरी भागाशी बोलणं तुटतंय असं समजायचं, आणि ते कुठल्याही सॉफ्टवेअरने जोडलं जात नाही. माझ्याकडे एक बाई फोन घेऊन आल्या होत्या, ४०१३ येत होतं, त्यांनी आधी तीन वेगवेगळ्या कंपन्यांची लायसन्स विकत घेतली होती, प्रत्येकाच्या सपोर्टने 'अ‍ॅडव्हान्स्ड मोड वापरा' असं उत्तर दिलं होतं. नशिबाने अ‍ॅडव्हान्स्ड मोड पण त्याच एररवर, पुसण्याआधीच थांबत होता. उघडून बघितलं तर पडल्यामुळे बोर्डवरचा एक जोड उचलला गेला होता. तो नीट केल्यावर फोन जुन्या डेटासकट सुरू झाला, आणि त्या खुर्चीवर बसून रडल्या, त्यांच्या वडिलांचे शेवटचे आवाजी निरोप होते त्यात. ती एरर जर पाच मिनिटं उशिरा आली असती तर ते निरोप गेले असते. त्या दिवसापासून 'डीप रिपेअर' हा शब्द कोणी बोललं की मला राग येतो, कारण त्या खिडकीवर 'पुसणार आहोत' असं लिहिलेलं असतं खरं पण बारीक अक्षरात, आणि घाबरलेला माणूस बारीक अक्षर वाचत नाही.

हार्डवेअरचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो जिथे डेस्कटॉप सॉफ्टवेअर खरंच सोन्यासारखं काम करतं. फोन दर तीन मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट होतोय, अशी तक्रार खूप येते. लोक सिस्टीम परत टाकतात, पुसतात, काही होत नाही. अशा वेळी फोन कंप्युटरला लावून आतला पॅनिक लॉग (फोन का कोसळला याची नोंद) काढायचा, पॅनिक फुल नावाने सुरू होणारी फाईल असते. ही फाईल फोनवर सेटिंग्जमध्ये अ‍ॅनालिटिक्सच्या आत पण दिसते, पण तीन मिनिटांत ती शोधून वाचणं म्हणजे कसरत, कंप्युटरवर थ्रीयूटूल्ससारखं टूल ती लगेच ओढून दाखवतं. त्यात तापमान सांभाळणाऱ्या सेवेला सेन्सर सापडत नाहीये असं लिहिलेलं असतं आणि सेन्सरचं नाव असतं. माइक १ किंवा पीआरएस ० असेल तर चार्जिंग जॅकच्या पट्टीकडे बघायचं, टीजी ० बी असेल तर बॅटरीकडे. म्हणजे फोन आजारी नाहीये, त्याला एका सेन्सरकडून उत्तर मिळत नाही म्हणून तो स्वतःला वाचवायला बंद होतोय. पट्टी बदलली की फोन ठणठणीत. सॉफ्टवेअर विकत घेताना लोक रिपेअरच्या बटणाकडे बघतात, मी म्हणेन लॉग दाखवण्याच्या बटणाकडे बघा, बिघाडाचं निदान नीट झालं तर अर्धं काम झालं.

आता डेटा रिकव्हरी, म्हणजे 'डिलीट झालेले फोटो परत आणा'. याबद्दल स्पष्ट बोलायला हवं कारण लोकांचे पैसे यातच सगळ्यात जास्त जातात. आजच्या आयफोनमध्ये प्रत्येक फाईल वेगळ्या किल्लीने कुलूपबंद असते आणि ती किल्ली शेवटी तुमच्या पासकोडशी आणि चिपमध्ये कोरलेल्या नंबरशी बांधलेली असते. फाईल डिलीट झाली की किल्ली जाते. किल्ली गेल्यावर मेमरीत उरलेलं जे काही आहे ते निव्वळ कचरा. जुन्या काळात हार्डडिस्कवरून डिलीट झालेलं परत मिळायचं तो अनुभव लोकांच्या डोक्यात बसलाय आणि जाहिराती त्यावरच चालतात. मग ही सॉफ्टवेअर काय परत आणतात, तर 'रीसेंटली डिलीटेड' मध्ये तीस-चाळीस दिवस पडून असलेले फोटो (जे तुम्ही स्वतः आणू शकता), कंप्युटरवर पडलेल्या जुन्या बॅकअपमधली माहिती, आणि मेसेजसारख्या डेटाबेस फाईलमध्ये कधी कधी न पुसल्या गेलेल्या चार ओळी. शेवटचं थोडं खरं काम आहे पण त्याची खात्री नाही. आणि रिस्टोर मारल्यावर, म्हणजे फोन पुसल्यावर, बॅकअप नसताना कोणी डेटा आणून देतो म्हणालं तर तिथून उठून चालायला लागा.

पासकोड विसरल्यावर 'अनलॉक' करणारी सॉफ्टवेअर पण तशीच. ती पासकोड काढत नाहीत, फोन पुसतात. पुसल्यावर पासकोड राहत नाही हे खरं, पण फोटो पण राहत नाहीत, आणि मग अ‍ॅक्टिव्हेशन लॉक समोर येतो, २०१३ च्या आयओएस ७ पासून आहे तो, जुना अ‍ॅपल आयडी आणि पासवर्ड मागतो. तो लॉक काढून देतो म्हणणारी टूल्स बहुतेक २०१९ मध्ये उघड झालेल्या चेकमेट नावाच्या दोषावर चालतात, आयफोन ४एस पासून आयफोन १० पर्यंतच्या चिप्समध्ये तो दोष आहे आणि चिपच्या आतच असल्याने अपडेटने जात नाही. तुमचा १२ त्यात येत नाही. आणि येत असता तरी त्यातून फोटो मिळाले नसते, लॉक नुसता झाकला जातो, बऱ्याच फोनमध्ये सिम चालत नाही, रीसेट केला की लॉक परत उभा. अशी मागणी घेऊन येणाऱ्यांना मी खरेदीची पावती विचारतो आणि अ‍ॅपलकडे पाठवतो, कारण समोरचा फोन कोणाचा तरी हरवलेला असू शकतो.

शाओमीचं काय. इथे तुम्हाला आयफोनसारखं एक उत्तर मिळणार नाही, कारण अँड्रॉइडमध्ये प्रत्येक कंपनीचं, कंपनीच्या आत प्रत्येक चिपचं दार वेगळं. म्हणूनच 'सगळे अँड्रॉइड दुरुस्त' म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरवर माझा विश्वास सगळ्यात कमी आहे, त्यांच्या मॉडेलच्या यादीत बघितलं तर बहुतेक सॅमसंगच भरलेले असतात, कारण सॅमसंगचा डाउनलोड मोड उघडा आहे आणि कंपनीची मूळ फाईल टाकायला बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टीम उघडणारा आणि परकी सिस्टीम अडवणारा भाग) अनलॉक लागत नाही. तेच काम ओडिन नावाचं सॅमसंगवर सिस्टीम टाकायचं सॉफ्टवेअर करतं, आणि तिथे एक लाख मोलाची गोष्ट म्हणजे सीएससीच्या (देश आणि नेटवर्कच्या सेटिंग्जच्या फाईलच्या) खान्यात दोन प्रकारच्या फाईल बसतात, साधी सीएससी टाकली तर डेटा पुसला जातो, होम सीएससी टाकली तर राहतो. पैसे घेणारी टूल्स हा फरक तुम्हाला सांगतीलच असं नाही.

तुमच्या शाओमीला पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण धरून रिकव्हरीत घ्या. तिथे 'वाइप डेटा' ला हात लावू नका, 'मीअसिस्टंट' ला (शाओमीच्या कंप्युटरवरच्या सॉफ्टवेअरला) जोडायचा पर्याय दिसेल, त्यातून कंप्युटरवरून त्याच प्रदेशाची, तीच किंवा नवीन आवृत्तीची अधिकृत पूर्ण रॉम (फोनच्या सिस्टीमची फाईल) डेटा न पुसता टाकायचा प्रयत्न करता येतो. फास्टबूट (पॉवर आणि आवाज कमी) मध्ये नेऊन शाओमीचं 'मी फ्लॅश' हे सिस्टीम टाकायचं टूल वापरायचं म्हणाल तर बूटलोडर अनलॉक असावा लागतो, आणि अनलॉक करायला गेलात तर तिथेच डेटा पुसला जातो, म्हणजे फोटो वाचवण्यासाठी तो रस्ता बंद समजा. डेटा नको असेल आणि फक्त फोन जिवंत करायचा असेल तर वापरा, पण खाली उजवीकडे कोपऱ्यात 'क्लीन ऑल अँड लॉक' असा पर्याय बऱ्याच आवृत्त्यांत आधीच निवडलेला असतो, तो बघून बदला. फोन एका देशाचा आणि रॉम दुसऱ्या देशाची असताना हा पर्याय राहिला तर बूटलोडर लॉक होतो, फोन चालू होत नाही, आणि लॉक असल्यामुळे परत फ्लॅशही मारता येत नाही. मग क्वालकॉम चिपचा ९००८ मोड (शेवटचं आणीबाणीचं दार) उरतो, आणि शाओमीच्या बऱ्याच मॉडेल्सना त्यात कंपनीने परवानगी दिलेलं अकाउंट लागतं.

मीडियाटेकची चिप असेल तर एसपी फ्लॅश टूल सगळीकडे सुचवलं जातं. त्यात 'फॉरमॅट ऑल' वाला पर्याय कधीच घेऊ नका, फक्त 'डाउनलोड ओन्ली'. फॉरमॅट ऑलमध्ये एनव्हीरॅम पण पुसला जातो, तिथे त्या फोनचा आयएमईआय (ओळख क्रमांक) आणि रेडिओची जुळणी साठवलेली असते, फोन सुरू होतो पण नेटवर्क नाही, 'इनव्हॅलिड आयएमईआय' लिहून येतं. सुरुवातीच्या काळात माझ्याकडून एका माणसाचा फोन असा झाला होता. मी त्याला दुसरा फोन दिला, आणि तेव्हापासून कुठलाही मीडियाटेक फोन हातात आला की आधी मूळ एनव्हीरॅमची प्रत काढतो मगच पुढे जातो. आयएमईआय स्वतःच्या मनाने लिहून देणारी टूल्स पण फिरत असतात, त्यांच्या नादी लागू नका, आयएमईआयशी छेडछाड बऱ्याच देशांत गुन्हा आहे.

स्क्रीन फुटलेल्या अँड्रॉइडबद्दल दोन ओळी कारण तो प्रश्न याच्या मागोमाग येतोच. यूएसबी डीबगिंग (कंप्युटरला फोनवर हुकूम चालवू देणारी सेटिंग) आधीच चालू असेल आणि त्या कंप्युटरला आधी परवानगी दिलेली असेल तर एससीआरसीपीवाय नावाचं फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर फोनची स्क्रीन कंप्युटरवर दाखवतं, माउसने फोन चालवता येतो, रूट (फोनचा पूर्ण ताबा) लागत नाही. डीबगिंग बंद असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर आत जाऊ शकत नाही, मग ओटीजी अडॅप्टरने माउस थेट फोनला लावा, किंवा सरळ स्क्रीन बदला, ते शेवटी स्वस्त पडतं.

एवढं सगळं वाचून तुम्हाला वाटेल मी या सॉफ्टवेअरच्या विरोधात आहे. नाही. रिपेअरसाठी नको म्हणतो, सांभाळण्यासाठी मी स्वतः विकत घेतो. रोजचा बॅकअप वाय-फायवर आपोआप घेणं, बॅकअपच्या जुन्या प्रती ठेवणं (अ‍ॅपलचं सॉफ्टवेअर जुनी प्रत झाकून नवी लिहितं, आणि चूक कळेपर्यंत चांगली प्रत गेलेली असते), मेसेज तारखेसकट पीडीएफमध्ये काढणं, फोनमधून गाणी कंप्युटरवर परत आणणं, अशी कामं आयमेझिंगसारखं सॉफ्टवेअर फार नीट करतं आणि तिथे मला पैसे दिल्याचं कधी वाईट वाटलं नाही. जुना फोन विकत घेताना बॅटरीचे सायकल किती, पार्ट बदललेत का, हे एका खिडकीत बघायला थ्रीयूटूल्सचा रिपोर्ट बरा पडतो, फक्त त्याला देववाणी समजू नका, काही बदललेले पार्ट जुन्याचा नंबर घेऊन बसलेले असतात, आयओएस १५.२ पासून सेटिंग्जमध्येच पार्टची माहिती येते ती सोबत बघा. आणि कमांड लाइनची भीती नसेल तर लिबआयमोबाइलडिव्हाइस हा मुक्त प्रकल्प २००७ पासून चालू आहे, बॅकअप, लॉग, क्रॅश रिपोर्ट, अपडेट, सगळं त्यात फुकट आहे, आणि त्यातला रिस्टोरवाला भाग तुम्ही मुद्दाम पुसायला सांगितलं नाही तर आधी अपडेटच करतो, ही गोष्ट मला फार आवडते. अँड्रॉइडला गूगलचं प्लॅटफॉर्म टूल्सचं छोटं पॅकेज, त्यात एडीबी आणि फास्टबूट (कंप्युटरवरून फोनला हुकूम द्यायची टूल्स) दोन्ही येतात.

बॅकअप घेताना 'एन्क्रिप्ट' वर खूण करा, हे आवर्जून सांगतो. नाव ऐकून लोक घाबरतात पण उलटं आहे, एन्क्रिप्टेड बॅकअपमध्येच सेव्ह केलेले पासवर्ड, वाय-फाय, आरोग्याची माहिती, आणि कॉलची यादी येते, साध्या बॅकअपमध्ये नाही येत. पासवर्ड मात्र कागदावर लिहून ठेवा, तो विसरला तर त्या बॅकअपचा उपयोग नाही.

क्रॅक केलेलं घेऊ नका. मला माहितीये लायसन महाग वाटतं आणि 'फुल व्हर्जन' सगळीकडे मिळतं. पण हे सॉफ्टवेअर काय मागतं बघा, ड्रायव्हर टाकायला पूर्ण हक्क मागतं, अँटीव्हायरस बंद करा म्हणतं, आणि तुमच्या फोनवर 'या कंप्युटरवर विश्वास ठेवायचा का' ला हो म्हणवून घेतं. त्या एका हो नंतर तुमचे सगळे मेसेज, फोटो, संपर्क त्या कंप्युटरवर बॅकअपच्या रूपाने उतरू शकतात. ज्याने लायसन तोडलंय त्याच्या हातात हे सगळं द्यायचं का, विचार करा. लॉक काढणाऱ्या टूल्सचे क्रॅक तर मी वेगळ्या, नेटला न जोडलेल्या कंप्युटरवर सुद्धा उघडत नाही. दुकानात फोन दुरुस्तीला देऊन परत आणलात तर सेटिंग्जमध्ये जाऊन रीसेटच्या आत लोकेशन आणि प्रायव्हसी रीसेट करा, म्हणजे आधी विश्वास दिलेले सगळे कंप्युटर विसरले जातात.

तर तुमच्यासाठी क्रम असा. आधी चांगली केबल, आयपीएसडब्ल्यू पूर्ण उतरवून ठेवा, मग रिकव्हरी आणि अपडेट, दोन वेळा फार तर तीन वेळा. झालं तर पासकोड विचारेल, टाका, आणि दुसरं काहीही करण्याआधी फोटो बाहेर काढा. नाही झालं तर एररचा नंबर लिहून ठेवा, फोन बंद करा, चार्जिंगला पण लावून ठेवू नका. १४ असेल तर पुढच्या आवृत्तीची वाट बघा. ९, ४०१३ किंवा ४०१४ असेल तर बोर्डचं काम करणाऱ्याकडे न्या आणि पहिल्या वाक्यात सांगा की फोन नाही झाला तरी चालेल, डेटा हवाय, कारण हे न सांगता दिलेला फोन बरेच जण सवयीने आधी रिस्टोर मारून बघतात. मला इथे फक्त एररचा नंबर, आणि अडकण्याआधी स्टोरेज साधारण किती भरलं होतं ते सांगा, शाओमीचं नेमकं मॉडेल आणि चिप पण लिहा. शाओमीचं वर सांगितलेलं काहीही तोपर्यंत करू नका.